नाल्यापलीकडची भाकर

मागच्या वेळी प्रभुभोजनाच्या मेजाशी जाऊन, डोळे मिटून, जो भाकरीचा तुकडा तुम्ही तोंडात घातलात तो कोणाच्या हातचा होता? माहीत नसेल तर का माहीत नाही? आणि माहीत असेल, तर दुसऱ्या एखाद्या हातचा असता तरी तुम्ही तो तसाच डोळे मिटून घेतला असता का?

मी उत्तर नागपुरातल्या एका लहान मंडळीचा पाळक आहे. तिशीच्या आतला, बिनलग्नाचा. चर्चच्या मागच्या खोलीत मी, माझी पुस्तकं आणि एक खडखडणारा कूलर असे आम्ही राहतो. असे प्रश्न विचारायची खोड मला वडिलांकडून लागली. काटोलला संत्र्याच्या बाजारात आणि बसस्टँडवर ते शुभवर्तमानाची पत्रकं वाटायचे. माझी अक्षरओळखच त्या पत्रकांवर झाली. मोसंबी रंगाच्या कागदावरची जाड काळी अक्षरं, आणि प्रत्येक कागद वाचणाऱ्याची कॉलर धरूनच सुरू व्हायचा. लोक पत्रक घ्यायचे, दोन ओळी वाचायचे आणि त्यातच संत्र्याच्या साली गुंडाळून फेकायचे. मला रडायला यायचं.

"काहून चिडतं गा?" वडील म्हणायचे. "घेतलं ना त्यानं हातात? बस झालं."

मला ते कधीच बस झालं नाही. धर्म हातात घेण्याची गोष्ट असेल तर साली गुंडाळणारा आणि वाचणारा यांत फरक काय राहिला, असं मी तेव्हाही भांडायचो. अजूनही भांडतो. फक्त आता समोर वडील नसतात.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा घ्यायचा. त्याची भाकर विकत आणायची नाही, घरी करायची, अशी इथली जुनी रीत. गव्हाचं पीठ आणि पाणी, मीठ नाही, खमीर नाही. मंद तव्यावर भाजलेली एक जाड, मोठी भाकर. ती मेजावर ठेवतात आणि तिच्यावर एक पांढरा कपडा झाकतात, कडेला क्रूस भरलेला. पाळी कोणाची हे तो कपडाच सांगतो. ज्या घरानं या महिन्याची भाकर केली, त्या घरानं कपडा धुऊन, कांजी करून, इस्त्री फिरवून पुढच्या घरी नेऊन द्यायचा. कपडा दारात आला की समजायचं, आता आपण. भक्ती सुरू होताना पाळक सांगतो की आजची भाकर अमुक घरातून आली आहे, त्या घरावर देवाचा आशीर्वाद असो, आणि सगळे आमेन म्हणतात. मी इथे नवा आलो तेव्हा या रीतीनं इतका भारावलो की वडिलांना फोन करून सांगितलं होतं: बाबा, इथे मंडळीच मेज वाढते.

मंडळी माझी काळजीही घ्यायची. रविवारी दुपारी मी कोणाकडे जेवणार हे आदल्या रविवारीच ठरलेलं असायचं. आमचे ज्येष्ठ पंच, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, ते तर मला मुलासारखं वागवत. त्यांच्याकडचं सावजी मटण खाऊन मी रविवारच्या संध्याकाळच्या सभेत डुलक्या काढल्या आहेत.

शेवटच्या बाकावर एक मावशी बसायच्या. नाल्यापलीकडच्या वस्तीत घर. नवरा महापालिकेत सफाईच्या कामावर होता, तो वारला आणि मुलगा त्याच कामावर लागला. मावशींच्या सासूचा बाप्तिस्मासुद्धा याच चर्चमध्ये झालेला, म्हणजे घर मंडळीत नवं नव्हतं. एका रविवारी भक्तीनंतर मी सहज विचारलं, "मावशी, तुमच्याकडे कपडा कधी येतो?"

मावशी हसल्या. "कपड्याले नाल्यावरचा पूल दिसत नसन, पास्टरसाहेब."

"म्हणजे?"

"आता म्हणजे काय म्हणजे! एवढे सेमिनरीत शिकून आले अन् म्हणजे विचारून राहिले."

शेजारी उभी असलेली त्यांची सून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसायला आलं. मग खोलीवर येऊन कूलर लावला, त्याच्यासमोर बसलो, आणि हसू उतरलं.

मग मी पाहायला लागलो. त्याआधी मी नुसता राहत होतो. नाताळात मावशींच्या घरी साडी जायची. सून बाळंत झाली तेव्हा मंडळीतून तूप, डिंक, खारीक गेली. मुलगा आजारी पडला तेव्हा पंच स्वतः स्कूटर घेऊन दवाखान्यात गेले. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण त्यांच्या घरी प्रार्थना झाली की नंतर एकाएकी प्रत्येकाला काम निघायचं. कोणाची शुगर वाढलेली असायची, कोणाला चहानं पित्त व्हायचं. मावशींना द्यायला सगळे तयार होते. मावशींकडून घ्यायला कोणीच नव्हतं. देणं सोपं असतं हो, देणाऱ्याचा हात वर राहतो. प्रभूनं मात्र शुभवर्तमानातल्या त्या, गावानं दूर ठेवलेल्या, झाडावर चढून बसलेल्या बुटक्या जकातदाराला काही दिलं नाही. खाली उतर म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. गावातल्या सभ्य लोकांना राग आला तो या मागण्याचा. भीक घातली असती तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

मी पंचांकडे गेलो. मागच्या पाळीची भाकर त्यांच्या घरची होती, म्हणून कपडा अजून त्यांच्याच घरी होता. म्हटलं, या वेळी तो नाल्यापलीकडे जाऊ द्या.

पंचांनी चष्मा काढून पुसला. "पास्टर, मी स्वतःच बोलणार होतो तुमच्याशी. आता घरोघरी भाकरी कोण करत बसते? आपण बेकरीतून आणू. जरीपटका एरियात चांगली बेकरी आहे, पॅकिंग करून देते. हायजीनचा जमाना आहे."

"गेल्या महिन्यापर्यंत घरची चालत होती."

"आमच्या घरच्यांचेही गुडघे दुखतात आता."

"बेकरीत पीठ कोण मळतं, पंच?"

"मले काय माहीत?"

"म्हणूनच चालतं," मी म्हणालो.

ते जोरात हसले. "पत्रकवाल्याचे पोरगे तुम्ही. बोलण्यात कोण जिंकन तुमच्यासोबत?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मी जुना माणूस आहे. मले स्वतःले काही फरक पडत नाही. पण लोक तुटतीन. तुम्ही दोन वर्षांत बदलून जासान, इथं आम्हाले राहायचं आहे."

पंचांच्याच घरी भरलेल्या पंचमंडळाच्या सभेत ठराव झाला: पुढच्या महिन्यापासून भाकर बेकरीची. माझ्याशिवाय सगळ्यांनी हात वर केले. एका बाईची पाळी येऊ नये म्हणून आख्ख्या मंडळीनं आपापली पाळी सोडून दिली. असा त्याग मी आमच्या लोकांकडून याआधी कधी पाहिला नव्हता, आणि हे मी त्यांना तिथेच तोंडावर सांगितलं. चहा आला, तो सगळ्यांनी घेतला.

उठताना मी म्हणालो, "ठराव पुढच्या महिन्यापासूनचा आहे. या महिन्याची पाळी अजून घरचीच आहे. कपडा द्या."

पंच काही बोलायच्या आत त्यांच्या बायको आत गेल्या आणि कपडा घेऊन आल्या. कडक इस्त्री, चार घड्या. माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण इस्त्री केली होती त्यांनी, हे मी विसरणार नाही.

तो कपडा घेऊन मी पुलावरून चालत गेलो. मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. कपडा पाहून त्यांनी आधी हात पदराला पुसले, मग उठून नळावर जाऊन साबणानं धुतले, आणि मगच तो घेतला.

"पाहिला का वं," त्या सुनेला म्हणाल्या, "मी समजली होती याच्यावर द्राक्षांचे वेल भरले असतीन. साधाच तर आहे."

मग बसल्या आणि म्हणाल्या, "करून देतो मी भाकर. पण एक काम करा. नाव नका घेऊ माझं. कोणाची म्हणून सांगू नका. खाऊ द्या लोकांले निवांत."

"रीत आहे मावशी, नाव घ्यायची."

"रीत तर कपडा फिरवाची पण होती."

मला हवं होतं की त्यांची भाकर लोकांनी जाणूनबुजून खावी. त्यांना हवं होतं की ती खाल्ली जावी, इतकंच. एवढ्या वर्षांनंतर एकदा, मंडळीच्या पोटात. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. आणि खरं सांगायचं तर, पूल ओलांडून परत येताना मला थोडं हलकं वाटलं. पत्रकावर वाढलेल्या माणसाला असं हलकं वाटणं शोभत नाही, तरी वाटलं.

त्या आठवड्यात मी प्रवचनासाठी एकच जागा पुन्हा पुन्हा वाचत होतो. एक मोठा प्रेषित परक्या लोकांबरोबर जेवत असे. मग मुख्य शहरातून काही वजनदार मंडळी आली, तसा तो हळूच त्या पंगतीतून सरकला. त्याच्यामागून बाकीचेही सरकले. तेव्हा दुसऱ्या एका प्रेषितानं सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सुनावलं. पूर्वी मला या गोष्टीत तो सुनावणारा दिसायचा. लहानपणापासून मी तोच होतो, मनातल्या मनात. या वेळी मला पंगतीत मागे राहिलेला माणूस दिसायला लागला, ज्याच्या शेजारचा पाहुणा अर्धं ताट टाकून उठून गेला. शास्त्रात त्याच्याबद्दल एक शब्द नाही. तो काय म्हणाला? ते ताट कोणी उचललं? ज्याच्या बाजूनं वाद जिंकला गेला, त्याला त्या दुपारी कोणी विचारलं का, की बाबा रे, जेवलास का पुढे?

शनिवारी संध्याकाळी भाकर आणायला गेलो. तवा अजून चुलीवर होता, घरभर भाजलेल्या पिठाचा वास. मावशींनी एक नाही, तीन भाकरी केल्या होत्या.

"दोन बिघडल्या," सून म्हणाली. "आम्हाले चांगल्याच दिसून राहिल्या, पण यांले पसंत नाही."

मावशींनी तिसरी, सगळ्यात गोल, कपड्यात ठेवली. बांधली. मग ती एका भांड्यात ठेवली आणि गाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घ्या नाव."

"काय?"

"नाव घ्या उद्या. सासूचंही घ्या. मी रात्रभर विचार केला. चोरून खाऊ घालाले मी काही जहर नाही केलं."

तेव्हा भीती मला वाटली, त्यांना नाही. "मावशी, लोक भाकर घ्यायला उठले नाहीत तर?"

"तर नाही उठतीन. मले ते आताही माहीतच आहे. पण त्याईले तर माहीत होईल."

रविवारी चर्च भरलेलं होतं. बातमी आधीच फिरली होती, आमच्या मंडळीत बातमीला पूल लागत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आजची भाकर नाल्यापलीकडच्या घरातून आली आहे. मावशींचं नाव घेतलं, सासूचं घेतलं. त्या घरावर देवाचा आशीर्वाद असो.

आमेन आलं. थोडं उशिरा, पण आलं. मला आशा वाटली.

प्रवचन मी कसं केलं ते मला आठवत नाही. मग मेजाशी जाऊन भाकर मोडली. आमच्याकडे पहिल्या बाकापासून उठायचं आणि एकेक रांग पुढे यायची अशी पद्धत आहे. मी तुकड्यांचं ताट घेऊन वळलो. पहिल्या बाकावर पंच, त्यांच्या बायको, दुसऱ्या पंचांचं घर. कोणी उठलं नाही. सगळ्यांच्या माना प्रार्थनेत असाव्यात तशा खाली. पेटी वाजवणाऱ्यानं गीताचं एक कडवं पुन्हा वाजवलं, मग पुन्हा तेच. पंखे फिरत होते. मी ताट घेऊन उभा.

मग अगदी मागून चपला काढल्याचा आवाज आला. मावशी उठल्या होत्या. शेवटच्या बाकापासून मेजापर्यंत त्या एकट्या चालत आल्या, दोन्ही बाजूंच्या भरलेल्या बाकांमधून. त्यांच्या अनवाणी पायांचा आवाज फरशीवर येत होता. माझ्यासमोर येऊन त्यांनी ओंजळ केली. मी त्यांच्याच हातची भाकर त्यांच्या हातात ठेवली.

त्यांच्यामागून सून आणि मुलगा आले. कन्हानहून येणारं खाणीतलं एक जोडपं उठलं. नर्सिंग शिकणारी एक मुलगी उठली, आईनं तिचा हात धरला होता तो सोडवून. मग कोणी नाही. पंचांच्या बायको अर्धवट उठल्यासारख्या झाल्या, आणि बसल्या. मी हे पाहिलं, कारण मी दुसरं काही पाहतच नव्हतो.

आमच्याकडे नेम आहे, मेजावर आशीर्वादलेली भाकर उरली तर टाकायची नाही, ठेवायची नाही. पाळकानं ती तिथेच संपवायची. एरवी दोन-चार तुकडे उरतात. त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर मी दारं लोटली आणि पहिल्या बाकावर ताट घेऊन बसलो. भाकर कडेला जराशी करपली होती, मध्ये मऊ होती. मीठ नसलेली भाकर किती वेळ चावावी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. रिकाम्या चर्चमध्ये माझ्याच चावण्याचा आवाज मला येत होता. मला राग आला होता, आणि तो राग ज्याच्यावर काढावा असा एकही माणूस समोर नव्हता. प्रभूच्या देहाचा वाटा मंडळीनं वाटून घ्यायचा असतो. एकट्यानं खाल्ला तर तो नुसतं जेवण होतो, तेही न उतरणारं. मी सगळी संपवली.

त्या रविवारी मला कोणी जेवायला बोलावलं नाही. त्यानंतरही नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज सकाळी वचन टाकतो. पूर्वी त्यावर जोडलेले हात, फुलं, आमेन यांची रांग लागायची. आता नुसत्या निळ्या खुणा उमटतात. सगळे वाचतात, हे कळतं. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "घेतलं ना कोणी हातात?" मी म्हटलं, "मोजके." ते पाऊसपाण्याचं विचारू लागले.

त्याच रविवारी संध्याकाळी मी मावशींचं भांडं परत द्यायला गेलो. त्यांनी दारातच विचारलं, "उरली?"

"उरली."

"फेकली तर नाही?"

"मी खाल्ली."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वर पाणी तरी पेले का? कोरडी राहते ते." आणि सुनेला हाक मारली, "पाणी आण वं. अन् ताट वाढ." वांग्याची भाजी होती, भात होता, पातळ वरण. मी जेवलो. मावशी समोर बसून पंख्यानं वारा घालत होत्या, लाइट गेली होती.

मी म्हणालो, "मावशी, चुकलं का आपलं? नाव घ्यायला नको होतं?"

"नाव घेतलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "सासू ऐकत असन तर खूश झाली असन. नाही खाल्ली लोकाईनं, ते पण मी समजून होती. पण एक सांगू? मले ते चालणं मनाले लागलं. शेवटच्या बाकापासून मेजापर्यंत. एवढं लांब आहे, मले माहीतच नव्हतं. नेहमी लोक पुढं राहत, म्हणून कळलंच नाही. कोणी एक जण जरी आधी उठला असता, तर मी त्याच्यामागं गुपचूप आली असती."

मग म्हणाल्या, "भात घ्या अजून. कपडा आला तर मी पुन्हा करीन."

कपडा आता चर्चच्या कपाटात आहे. पंच म्हणाले, जुनी वस्तू आहे, जपून ठेवू. मेजावर बेकरीची भाकर येते, एकसारख्या कापलेल्या चकत्या, आणि त्या सगळे घेतात. मावशी अजून शेवटच्या बाकावर बसतात आणि आपली रांग आली की येतात. मी दर महिन्याला सभेत कपडा परत मागतो आणि दर महिन्याला माझा एकच हात वर असतो. माझी बदली होणार असं कानावर आलं आहे. माझ्यामागून येणारा पाळक ही गोष्ट उकरून काढील की नाही, मला माहीत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागतो. तुम्ही माझ्या मंडळीचे असा की दुसऱ्या कुठल्या, पुढच्या सभेत उभे राहा आणि घरच्या भाकरीची पाळी परत मागा. पहिली पाळी त्या घराला द्या, जिथे ती आजवर गेलेली नाही. आणि तुम्ही पुढच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी असाल तर त्या रविवारी ताट वळलं की वाट पाहू नका, शेजाऱ्याकडे बघू नका. उठा. शेवटच्या बाकावरच्या बाईला तुमच्या मागून येऊ द्या.